गावाला विचारून आराखडा? कशाला उगाच!

माळावरचा: 'ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी घरोघरी प्रश्नावली म्हणजे वेळेची नासाडी, एक अभियंता बसवा, तासात होतो' असं परवा इथे वाचलं आणि डोकंच फिरलं. आमच्याकडे न विचारताच केलं. चौकात पेव्हर ब्लॉक आले, खालच्या आळीच्या बाया अजून चिखल तुडवत हातपंपावर जातात. सरकारची 'आमचं गाव, आमचा विकास' मोहीम काय भिंतीवर रंगवायला होती? गरजा बघायला शिवारफेरी कधी निघाली, कुणाला आठवतं का?

रोखठोक: ते मीच लिहिलं, आणि शब्द मागे घेत नाही. तीन वर्षं हे फॉर्म भरून घेतलेत. 'गरजा'च्या रकान्यात निम्मे 'घरकुल' लिहितात, उरलेले 'घरकुल का मिळालं नाही' ते लिहितात. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले (2021-26) 60 टक्के पाणी-स्वच्छतेलाच बांधलेले होते. लोक मागतात मंगल कार्यालय! ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असतील ते, तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग सातजण गावाचं भविष्य ठरवतात.

पुणेकर_गाववाला: आम्हाला कुठे विचारता? घर आहे, घरपट्टी भरतो.

माळावरचा: यात्रेला दोन दिवस येणार, कमान मागणार, जाणार. टँकरमागे हंडे घेऊन तू धावतोस का?

पुणेकर_गाववाला: मंदिराच्या वर्गणीला बरा आठवतो मी! तेव्हा फोनवर फोन.

रोखठोक: वर्गणी वेगळी. मतदारयादीत नाव पुण्यात आणि ग्रामसभेत मत इथे, असं कसं चालेल?

पुणेकर_गाववाला: तुम्ही कोण ठरवणारे? माझी आई राहते तिथे.

माळावरचा: मग आईला बोलू दे की!

खालचीआळी: भांडा, भांडा. महिलासभेला आम्ही अकराजणी होतो. आधी रजिस्टरवर सह्या, मग सभा. मी म्हटलं, शाळेत मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, एकीने दार धरायचं तेव्हा दुसरीने जायचं. आराखड्यात आलं 'स्वच्छतागृह दुरुस्ती, 3 लाख'. फरशी चकचकीत झाली. कडी माझ्या नवऱ्याने बसवली, स्क्रूसकट नव्वद रुपये.

रोखठोक: बरं बाई, कडी अभियंत्याला सुचली नसती. मान्य. पण विचारून तरी कुठे बसली?

माळावरचा: म्हणजे विचारलं ते चुकलं, की विचारून ऐकलं नाही ते?

पुणेकर_गाववाला: घरपट्टीची पावती टाकू का इथे?

माळावरचा: टाक. नळपट्टीचीही टाक.