मदत हवी आहे: मनगटाची सूज उतरत नाही, सोमवारी गाडी भरायची आहे

पराटीवाली (शनिवार, रात्री ८.४०)
यांचा हात अजून दुखतो आहे. सूज पण आहे थोडी. फोटो काढला होता, त्यात काही नाही म्हणाले. पट्टा बांधून दिला, गोळ्या दिल्या, त्या संपल्या. मामाजींना उद्या सकाळीच हाडवैद्याकडे न्यायचं आहे. नेऊ देऊ का नको? सोमवारी कापसाची गाडी लागणार आहे, त्याच्या आत काहीतरी व्हायला पाहिजे. लवकर सांगा, आमच्याकडं लाइट कधी जाईल भरवसा नाही.

मावशी_वणीची
वय किती आहे मामाजींचं? म्हाताऱ्या हाडाला हलकं घेऊ नका. माझी आई न्हाणीत शेवाळावर घसरली होती, चौसष्टाव्या वर्षी. तळहात टेकला आणि मनगट जेवायच्या काट्यासारखं वाकलं. अंगावर कपडे नव्हते म्हणून तिनं हाकच मारली नाही. अर्धा तास तशीच ओल्या फरशीवर बसून होती, डाव्या हातानं लुगडं ओढून घेत. कडी आतून लावलेली. शेवटी भावानं दार उचकटलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हापासून आमच्या न्हाणीला कडी नाही, पडदा आहे, आणि दगड दर आठवड्याला घासला जातो. सासऱ्यांचं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या आधी.

पराटीवाली
अहो मावशी, मामाजींना काही झालं नाही. मामाजी नेतो म्हणतात. हात माझ्या मिस्टरांचा आहे. वय चौतीस.

क्षकिरण
ताई, मी ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं एक्स-रे काढले, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, पण काही गोष्टी विचारतो त्या सांगा. कोणता हात? किती दिवस झाले? पडले कसे, म्हणजे अंगाचा कोणता भाग आधी टेकला? फोटो कशाचा काढला, मनगटाचा की कोपराचा? दुखतं नेमकं कुठं, बोट ठेवून दाखवायला सांगा. उद्या सकाळपर्यंत कोणालाही चोळू देऊ नका. बोटात अंगठी असेल तर आत्ताच काढा.

वायगावची_हळद
फोटोत काही नाही ना, मंग हाड शाबूत आहे. मुका मार आहे हा. आंबेहळद, मैदालकडी आणि थोडी तुरटी उगाळून कोमट लेप द्या, वरून जुन्या लुगड्याची पट्टी. तीन दिवसांत सूज उतरते. माझ्या आजोबांपासून हे चालत आलं. उगाच पोराले शहरात फिरवू नका.

पराटीवाली
अंगठी काढली, साबण लावून निघाली. उजवा हात. बारा दिवस झाले. बंडीवरून पडले. दुखतं अंगठ्याच्या बाजूला. गाईचं दूध काढता येत नाही, पिळलं की कळ येते. बाटलीचं झाकण पण मलाच उघडावं लागतं. दिवसभर म्हणतात काही नाही झालं, आणि रात्री उठून बसतात.

बंडीवान
काहून बाप्पा, बारा दिवस थांबल्या? बंडीवरून पडलेला माणूस खांद्यावर पडते नाहीतर कुशीवर. मी दोनदा पडलो. खांदा आधी पाहा, मनगटाची कळ खांद्यातून येते कधी कधी. आणि बंडीचं जू, शिवळा तपासून घ्या. बैल कोणते आहेत? नवे जुंपले असतील तर दोन महिने रिकामी बंडी ओढू द्यावी, हे आजकालचे पोट्टे ऐकत नाहीत.

रिकामा_पंप
ताई, कापूस खाजगीत देता की सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव ८११० होता, मध्यमला ७७१०. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर घेतच नाहीत. घरात दाबून भरलेला असेल तर आदल्या दिवशी वरखाली करून ऊन द्या. कपास किसान ॲपवर नोंदणी झाली का?

वर्धेकाठ
दादा, हाताचा धागा आहे. पण कापसावरून निघालंच तर एक सांगतो, ज्या खोलीत ढीग आहे तिथं लेकरं झोपवू नका. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगाला पुरळ उठून खाज सुटते. आमच्या घरी मागच्या वर्षी सगळ्यांना झालं होतं.

क्षकिरण
पराटीवाली ताई, बंडीवरून पडताना हात कसा होता ते सांगितलं नाही. आणि फोटो कशाचा? तुमच्याकडं फिल्म असेल नाहीतर मोबाइलवर आला असेल. उजेडाकडं धरा आणि काय दिसतं ते लिहा, मला पाठवायची गरज नाही.

वायगावकर काका, लेपाला माझा विरोध नाही. सालटं निघालेलं नसेल तर नुसता लेप त्रास देत नाही. पण 'फोटोत नाही म्हणजे हाड शाबूत' हे तुमचं वाक्य मी खोडतो. बावीस वर्षांत मी स्वतः काढलेल्या फोटोत न दिसलेली हाडं पंधरा दिवसांनी दिसलेली आहेत.

वायगावची_हळद
तुम्हाला सगळ्यालाच मशीन पाहिजे. मशीन नव्हती तेव्हा माणसं लंगडीच हिंडत होती का?

क्षकिरण
काही हिंडत होती, काका. मी पाहिलीत. एकाला गावातल्याच माणसानं बांबूच्या कामट्या सुतळीनं इतक्या आवळून बांधल्या होत्या की आमच्याकडं आला तेव्हा बोटं काळीनिळी आणि गार होती. सुतळी कापताना त्याची बायको बाजूला उभी होती. तो चेहरा मी विसरलो नाही. सगळे हाडवैद्य तसे नसतील. पण मोडलेलं हाड चोळलं तर ते जागचं हलतं, यात मशीनचा काही संबंध नाही.

पराटीवाली (रात्री ११.१५)
लाइट गेली होती. हे झोपले आता म्हणून लिहिते.

मोबाइलवरच्या फोटोत कोपर मधोमध आहे. मनगट कडेला अर्धवट कापलेलं दिसतं, बोटं नाहीतच.

मी खोटं लिहिलं बंडीचं. डॉक्टरांना पण तेच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी कोपराचा फोटो घेतला असेल. कोपरावर खरचटलं पण होतं, उंबरठ्याला.

आमच्या मधल्या खोलीत कापूस भरला आहे, आढ्यापर्यंत. मामाजी त्या खोलीत चप्पल घालून कोणाला जाऊ देत नाहीत, दसऱ्याला नवा कापूस घरात आला तेव्हा हळदकुंकू वाहिलं होतं. त्या दिवशी मामाजी बाजाराला गेले होते. लेक म्हणाली, बाबा तुम्ही लहानपणी माळ्यावरून उडी मारत होते म्हणता, मारून दाखवा. यांनी मारली. दोनदा मधोमध पडले, लेकरं टाळ्या वाजवत होती, मी पण हसत होते. तिसऱ्यांदा कडेला गेले. कडेला ढीग पातळ, हात समोर करून पडले, तळहात खालच्या फरशीला लागला. आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. दवाखान्यात कंपाउंडरनं यांच्या कॉलरमधून कापसाचं बोंड काढलं, तरी हे बंडीच म्हणत राहिले. मामाजींना कळलं तर काय म्हणतील, वर्षाची कमाई तुडवली, या एकाच भीतीनं हे खरं बोलत नाहीत. लेक बारा दिवसांपासून बाबांच्या बाजूला झोपत नाही, तिला वाटतं तिच्यामुळं झालं.

क्षकिरण (रात्री ११.३०)
ताई, सांगितलं हे फार चांगलं केलं. आता मला नीट बोलता येतं.

हात पुढं करून तळहातावर पडणं, जवान माणूस, अंगठ्याच्या बाजूला कळ, पकड गेलेली, सूज थोडीच. यात मनगटातल्या एका लहान हाडाचा संशय घ्यावाच लागतो. त्याचं नाव स्कॅफॉइड, होडीच्या आकाराचं असतं. मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी हेच सगळ्यात जास्त मोडतं. तडा इतका बारीक असतो की पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी कडेचं हाड थोडं विरतं आणि मग रेघ दिसते. तुमच्या फोटोत तर मनगट आलेलंच नाही.

सकाळी एक करा. त्यांना ठेंगा दाखवतात तसा अंगठा वर ताणायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्या उठतात आणि मधे खळगा पडतो. जुनी माणसं त्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढायची, तोच. त्यात बोटानं हलकं दाबा. मग डाव्या हाताला तसंच दाबून पाहा.

गाडी भरायचं नाव काढू नका. या हाडाला रक्त उलट्या दिशेनं, बोटांकडून मागं येतं. तडा गेला की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. तसंच वापरत राहिलं तर ते जुळत नाही, आणि काही वर्षांनी मनगट आखडतं. शेतकरी माणूस आहे, उजवा हात आहे.

मावशी_वणीची
लेकीला जवळ घ्या आधी. आणि मामाजींना तुम्हीच सांगा, त्यांना बाहेरून कळू देऊ नका.

बंडीवान
मी उगाच बैलाचं लिहिलं. माफ करा ताई. माळ्यावरून आम्ही पण उड्या मारल्या आहेत.

सातपुड्याचा_वारा
मला पण विचारायचं होतं, बाजेच्या खुराला पायाची करंगळी आपटली, काळी पडली, चार दिवस झाले. प्लास्टर लागते का?

क्षकिरण
वाकडी झाली नसेल, रक्त नसेल, टेकता येत असेल तर सहसा बाजूच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून ठेवतात, मधे कापूस घालून. चार ते सहा आठवडे. मधुमेह असेल तर घरी थांबू नका. वेगळा धागा काढा, इथं ताईंचं राहू द्या.

पराटीवाली (रविवार, सकाळी ७.०५)
खळग्यात बोट ठेवलं आणि यांनी हात ओढून घेतला, डोळ्यात पाणी आलं. डाव्याला काही नाही. मामाजी बाहेर ओट्यावर तयार बसले आहेत हाडवैद्याकडे जायला. कुठं नेऊ? पैसे पण आत्ता नाहीत, कापूस विकल्यावर येतील.

क्षकिरण
सरकारीत न्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेही नाहीत. आज रविवार आहे, बाह्यरुग्ण विभाग बंद असेल, उद्या सकाळी लवकर नंबर लावा. एक दिवसानं बिघडत नाही, फक्त हात वापरू देऊ नका. मनगटाखाली जाड पुठ्ठा ठेवून ओढणीनं गळ्यात अडकवा. उद्या डॉक्टरांना बंडी सांगू नका. 'तळहातावर पडलो, खळग्यात दुखतं' एवढंच स्पष्ट बोला, म्हणजे ते स्कॅफॉइडचे वेगळे कोन मागवतील.

आणि एक विचारायचं राहिलं. खर्रा खातात का?

पराटीवाली
दिवसाचे चार पाच पुडे.

क्षकिरण
बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या हाडाचं रक्त आधीच कमी. हे मी प्रत्येकाला सांगायचो आणि प्रत्येकजण दाराबाहेर जाऊन पुडा उघडायचा. तुम्ही सोडवा.

वायगावची_हळद
हे बरोबर आहे. खर्ऱ्याबद्दल माझं पण तेच मत.

पराटीवाली (सोमवार, संध्याकाळी ६.५०)
जाऊन आलो. मामाजी पण आले, ऐकेचनात. डॉक्टरांनी विचारलं कसे पडले. हे गप्प. मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच बोलले, कापसावर उडी मारली, लेकरांसाठी. मामाजी बाजूलाच उभे होते. काही बोलले नाहीत.

मनगटाचे चार फोटो काढले. एका कोनात रेघ आहे, केसाएवढी. हाड जागचं हललेलं नाही म्हणाले. अंगठ्यासकट प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो, तेव्हा जुळलं नसेल तर आणखी ठेवतील.

गाडी दिरानं आणि दोन गड्यांनी भरली. आम्ही आलो तेव्हा खोली झाडून झाली होती. मामाजींनी यांच्या खिशातला खर्ऱ्याचा पुडा काढला आणि चुलीत टाकला. मग लेकीला म्हणाले, तुझ्या बापाले मी पण एकदा याच माळ्यावरून उतरवलं होतं, कान धरून. ती आज बाबांजवळ झोपली आहे.

प्लास्टर अजून ओलसर लागतं. चुलीजवळ धरू का? आणि आत खाजवते म्हणतात.

क्षकिरण
चुलीजवळ नको, भाजतं आणि वरून तडकतं. दोन तीन दिवसांत आपोआप वाळेल, तोवर त्यावर दाब देऊ नका. हात उशीवर, छातीपेक्षा उंच. उघडी बोटं दर तासाला उघडमीट करायला लावा. आत विणायची सुई, काडी, झाडूची काडी काहीही घालू द्यायचं नाही, जखम होऊन आत पू होतो आणि वरून कळत नाही. बोटं निळी, गार किंवा बधिर झाली, किंवा कळ वाढतच चालली तर रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा.

रिकामा_पंप
भाव काय लागला ताई?

वायगावची_हळद
प्लास्टर निघालं की हात आखडलेला राहील. तेव्हा लेप द्यायला हरकत नाही ना, क्षकिरण साहेब? ताई, तालुका सांगजा, मी आंबेहळद पाठवतो.