रेस्टॉरंटमधली पहिली नोकरी: आधी सिंक, मग टेबलं. काय शिकून जाऊ?

निळीशाई:
वय १७. येत्या शनिवारपासून रेस्टॉरंटमध्ये शनिवार-रविवारचं काम धरलंय. पहिला महिना भांड्यांवर, जमलं तर पुढे टेबलांवर. भांडी घासायची जागा बघून आले. तिथे ओळीने तीन सिंक आहेत आणि तिसऱ्यातल्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. घरच्या घासण्यापेक्षा यात वेगळं काय असतं? बूट कसले घ्यायचे? आणि ट्रे उचलायची भीती वाटते, तिचं काय करू?

रात्रपाळी:
वेगळं आहे ते तिसऱ्या सिंकमध्येच. पहिल्यात साबण आणि गरम पाणी, साधारण ४३ अंश सेल्सिअस किंवा जास्त. दुसऱ्यात साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं. तिसऱ्यात जंतुनाशक. तो वास क्लोरीनचा. त्याचं प्रमाण सहसा ५० ते १०० पीपीएम (म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) ठेवतात आणि ते नाकाने नाही, कागदी पट्टीने तपासतात. पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. भांडं किती सेकंद बुडवायचं हे औषधाच्या लेबलवर असतं.

नवी मुलं चुकतात ती इथे. दुसरा सिंक घाईत उरकला की साबण आणि खरकटं तिसऱ्यात जातं, क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि मागून येणारी भांडी नुसती ओली होतात. तिसऱ्यात कढत पाणी भरलं तर क्लोरीन उडून जातो, म्हणून ते कोमटच असावं. पाणी गढूळ दिसलं की ओतून नवं भरायचं, कुणी सांगायची वाट बघू नये. शेवटी भांडी फडक्याने पुसायची नाहीत. जाळीवर तिरकी लावून वाऱ्यावर सुकू द्यायची. फडकं पुसतं कमी, जंतू परत लावतं जास्त.

सुरी साबणाच्या पाण्यात सोडून जाऊ नकोस. पुढच्याचा हात थेट पात्यावर पडतो. सुरी हातात धरून धुवायची आणि लगेच जागेवर ठेवायची.

आणि एक, क्लोरीनवालं औषध दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही. चुन्याचे डाग काढायचं आम्लाचं द्रावण त्यात पडलं तर विषारी वायू निघतो.

कढईकाठ:
रात्रपाळींनी सिंकचं सगळं सांगितलंच आहे, मी बूट आणि ट्रेकडे वळतो. बूट बंद, तळ न घसरणारा. पातळ कापडी बूट नकोत, गरम तेल सांडलं तर ते शोषून कापड पायालाच चिकटून राहतं. गरम भांडं नेहमी कोरड्या फडक्याने धरायचं. ओल्या फडक्यातून चटका झटक्यात आत येतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि हात आपोआप सुटतो. भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

कुणाच्या पाठीमागून जाताना मोठ्याने "मागे आहे" म्हणायचं, हातात गरम असेल तर "मागे, गरम". पहिल्या दिवशी लाज वाटते, पण ती बाजूला ठेवच.

ट्रे: तळहात आणि पसरलेली बोटं बरोबर मध्याखाली. जड आणि उंच ग्लास मधे, हलकं कडेला. उतरवताना एकाच बाजूचं सगळं काढलंस तर दुसरी बाजू खाली जाते, म्हणून आळीपाळीने काढ. सगळ्यात जास्त ट्रे पडतात ते पाहुणा मदत म्हणून स्वतः ग्लास उचलतो तेव्हा. "राहू द्या, मी देते" असं हसून, पण वेळेवर म्हणायचं. घरी पाण्याने अर्धे भरलेले प्लास्टिकचे सहा ग्लास घेऊन सराव कर. एका हातात तीन प्लेट मात्र पहिल्या महिन्यात नकोतच. दोन नेल्या आणि एक खेप जास्त झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

बर्फाच्या पेटीत काचेचा ग्लास घालून बर्फ काढू नये, त्याला वेगळा स्कूप असतो. ग्लास तडकला तर तुकडा बर्फात दिसत नाही. मग पेटीतला सगळा बर्फ गरम पाण्याने वितळवून टाकायचा आणि पेटी पुसून घ्यायची. वरचा तेवढा काढून भागत नाही.

निळीशाई:
खूप आभार! काप करायचं मशीन फिरत्या पात्याचं आहे, तेही धुवावं लागेल असं सांगितलंय. ते धुऊ का?

रात्रपाळी:
नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ धोकादायक कामाला किमान वय १८ ठेवतो, आणि असं मशीन चालवणं-धुणं हे काही देशांत १८ खालच्यांना थेट बंद आहे. तुझ्याकडचा कायदा बघ आणि सरळ सांग, "माझं वय १७ आहे, हे मला करता येत नाही." त्यात कामचुकारपणा काही नाही.

मोजूनमापून:
टेबलांवर गेलीस की ॲलर्जीचा प्रश्न येईलच. "बहुतेक नसेल" हे उत्तर कधीच द्यायचं नाही. "विचारून सांगते" म्हणायचं, स्वयंपाकघरात विचारायचं आणि ऑर्डरवर खुर्चीच्या क्रमांकासकट लिहायचं. नुसतं टेबल लिहिलं की प्लेट शेजारच्यापुढे जाते.

शिवाय कामाला लागल्याची आणि सुटल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत टीप. "फक्त भांडी आवरून जा" म्हणत घेतलेली वीस मिनिटंही त्यात धर.

निळीशाई:
वही आजच आणते. सहा ग्लासांपैकी चार पडले, पण प्लास्टिकचे होते!

कढईकाठ:
चार म्हणजे ट्रे बोटांच्या टोकांवर धरतेयस. तळहात वर टेकव आणि कोपर अंगाजवळ घे.