राग काही सुटत नाहीये, काय करू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. बाप्तिस्मा घेऊन 6 वर्षं झाली, रोज बायबल वाचतो, पण घरी आलो की आईवर ओरडतोच. काल चहात साखर कमी होती एवढंच, कप असा आपटला की बशीच फुटली, आणि आज चर्चमध्ये प्रभूभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात ते) होतं तर हात पुढे करवेना. माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, खरंच झालंय का असं वाटायला लागलंय.

वसईकर
अरे बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 7वा अध्याय वाच, ते लिहिणारा प्रेषित पौलसुद्धा तेच रडतोय की जे नको तेच हातून होतं. पण तिथे थांबू नको, लगेच 8वा पण वाच. आम्ही कॅथलिक लोक फादरांकडे पापनिवेदनाला जातो, तोंडाने बोललं की अर्धं ओझं तिथेच उतरतं.

नगरची_ताई
तुमच्यात फादर नसतील तरी याकोब 5:16 आहेच, एकमेकांजवळ पापं कबूल करा. पण आधी आईला सॉरी म्हणालास का? देवाजवळ रडायचं आणि स्वयंपाकघरात गप्प बसायचं, हे माझंही व्हायचं म्हणून विचारते. इफिसकरांस 4:26 बघ, सूर्य मावळायच्या आत राग सोडा म्हणतो. आणि घरात शिरायच्या आधी गाडीवरच दोन मिनिटं प्रार्थना कर, मी जिन्यात करते, शेजारी बघतात, बघू दे.

मूळ धागाकर्ता
ताई, नाही म्हटलं अजून. बशीचे तुकडेपण तिनेच उचलले. जातो आत.