लातूर: घरी राहायला येणाऱ्या नीटच्या मुलीकडून भाडं किती घ्यावं?

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

आम्ही दोघं नवरा-बायको लातुरात औसा रोडच्या बाजूला राहतो. मिस्टर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, मुलगा हिंजवडीत. वरची त्याची खोली रिकामीच असते. खोलीला लागून संडास-बाथरूम आहे, पण जिना घरातूनच जातो. मिस्टरांच्या ओळखीतून औराद शहाजानीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी जूनपासून आमच्याकडे राहायला येणार आहे. अकरावी आणि सोबत नीटचा (मेडिकल प्रवेश परीक्षेचा) क्लास. वडिलांची सात एकर कोरडवाहू. परवा येऊन खोली बघून गेले. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते." इथंच घोडं अडलंय. घासाघीस करणाऱ्याला आकडा सांगता येतो, असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

थोडी चौकशी केली. क्लासेसच्या पट्ट्यात, म्हणजे उद्योग भवन, शिवाजी चौक त्या बाजूला, एका खोलीत दोघी राहिल्या तर एकीला साडेतीन-चार हजार सांगतात. एकटीला खोली हवी तर पाच-सहा. दोन वेळच्या मेसचे तीन हजारांच्या आसपास. आमचं घर तिथून लांब, सायकलवर बरंच अंतर पडतं.

घरात तीन मतं. मिस्टर म्हणतात, ओळखीतली पोर आहे, खोलीचे पैसे घेऊ नयेत, जेवणाचे तेवढे घ्यावेत. मुलगा फोनवरून सांगतो, बाजारभावच घे, नाहीतर दिवाळीनंतर तूच कुरकुर करशील. (करेन, मी मला ओळखते.) माझं म्हणणं, फुकट ठेवलं की मुलीचंच अवघड होतं. पैसे देणारी मुलगी "काकू, आज भाजी तिखट झाली" म्हणू शकते. फुकट राहणारी जेवून स्वतःचं ताट घासते, वर आपलंही घासायला घेते, आणि अभ्यास राहतो बाजूला. भाचीच्या बाबतीत हे बघितलंय.

आणखी प्रश्न पाण्याचा. नळाला रोज पाणी नाही, उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आम्ही इथंच होतो, त्यामुळे बादलीचा हिशोब अंगात मुरलाय. तो पोरीवर काढायचा नाही, पण टँकरवाला काही ओळखीत पाणी देत नाही. विजेचंही तेच. शिवाय दिवाळीत ती पंधरा दिवस गावी जाणार, त्या दिवसांचं काय करायचं? आणि ओळखीत कागद करावा का? करा म्हटलं तर त्यांना राग येईल असं मिस्टरांना वाटतं.

पेठेतली
आमच्याकडे सदाशिव पेठेत एमपीएससीची मुलं कॉट बेसिसवर (खाटेमागे भाडं) असतात, सासूबाईंच्या काळापासून. पहिली गोष्ट, एकच मोठा आकडा सांगू नका. खोलीचे वेगळे, जेवणाचे वेगळे. जेवणाचे दिवसावर धरा, म्हणजे दिवाळीचा प्रश्न आपोआप सुटतो: जेवण बंद, खोलीचं भाडं चालू. तिचं सामान तिथंच असणार आणि खोली तुम्ही दुसऱ्याला देणार नाही.

दुसरं, तुमच्या अटींची किंमत भाड्यातून वजा करा. जिना घरातून, म्हणजे रात्री ठरावीक वेळेला कडी लागणार. मैत्रीण मुक्कामाला आणायची नाही. मुलगा सुट्टीला आला की ती खोली जरा आवरून ठेवणार. हे सगळं तुमच्या सोयीचं आहे, तिच्या नाही. स्वतंत्र खोलीचे पाच हजार धरले तर यासाठी आणि अंतरासाठी हजार-दीड हजार कमी करायला हवेत. उलट "आजारी पडली तर काढा करून देऊ, आईसारखं बघू" याचे पैसे मात्र लावू नका. ते लावले की लोक हक्कानं मागतात, आणि मग तुम्हाला देववत नाही.

औसारोड (धागाकर्ती)
मुलाचं कपाट आधी रिकामं करून घ्यावं लागेल, हे लक्षातच आलं नव्हतं. त्यात अजून त्याची क्रिकेटची बॅट आहे.

तारमास्तर
विजेचं सांगतो. दोघांच्या घराचा वापर महिन्याला साधारण ९० युनिट धरू. ७५ वॉटचा पंखा रोज पंधरा तास चालला तर महिन्याला ३४ युनिट. एलईडी दिवे, मोबाइल, टॅब मिळून आठ-दहा. म्हणजे तुम्ही १३० च्या पुढे गेलात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या वर पुढचा टप्पा लागतो, आणि त्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून बिलाला तीननं भागू नका, तोटा होईल. मागच्या वर्षी त्याच महिन्यातले युनिट बिलावर छापलेले असतात. तेव्हाचं आणि आत्ताचं बिल शेजारी ठेवा, वाढलेला भाग तिचा. मधे दर वाढले असतील तर तेवढं सोडा. उन्हाळ्यात कूलर आला की महिन्याला आणखी पन्नास-साठ युनिट. हा हिशोबाचा वैताग नको असेल तर सबमीटर, म्हणजे तिच्या खोलीपुरता वेगळा मीटर, बसवा.

टँकरचं मात्र तीन माणसांत सरळ तिसरा हिस्सा, तेही टँकर आला त्याच महिन्यात. बारमाही "पाणीपट्टी" म्हणून काही लावू नका, लोकांना ते खटकतं.

काळाकोट
कागद करा, आणि राग येईल म्हणून थांबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा अकरा महिन्यांचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच असावं लागतं, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं, कागद नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं काम तुमचं.

मुलगी अकरावीची, म्हणजे अठरा पूर्ण नाहीत. तिच्या सहीला अर्थ नाही. करार वडिलांच्या नावानं, राहणारी म्हणून तिचं नाव. खर्च फार नाही: मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (अनामत घेतलीत तर तिच्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात), नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. ऑनलाइन होतं, आधारला अंगठा लागतो. पोलीस ठाण्यालाही माहिती द्या. हा खर्च निम्मा-निम्मा करण्याची पद्धत आहे, तुम्ही पूर्ण उचललात तर वडिलांना कागद खटकणार नाही.

नीट साधारण मेच्या सुरुवातीला होते. जून ते एप्रिल अकरा महिने करार, दुसऱ्या वर्षी नवा. भाडं वाढवायचं असेल तर तेव्हा. मध्येच नाही.

गावाकडचा
सगळ्यांनी किती ते सांगितलं, कधी ते कुणीच सांगेना. मी निलंगा तालुक्यातलाच. जूनमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो हो. बी-बियाणं, खत, पेरणी सगळं त्याच महिन्यात, आणि क्लासवाले फी पण तेव्हाच मागायलेत. हॉस्टेलवाले सहा महिन्यांचं आगाऊ घेतात, लोक सावकाराकडून उचलून देतात. सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीच्या पुढं. हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ होता, पण ओलावा दाखवून आडतीत काय हातात पडतं ते विचारू नका. मग तूर जानेवारी-फेब्रुवारीला.

तुम्हाला पेन्शन आहे, महिन्याचं भाडं महिन्याला मिळालंच पाहिजे असं नाही. आकडा बाजाराच्या जवळचा ठेवा, पण जून ते ऑक्टोबर फक्त जेवणाचे घ्या. खोलीचं अर्धं सोयाबीनवर, अर्धं तुरीवर. भाडं कमी केलं तर त्या माणसाला उपकार वाटणार. तारीख पुढं ढकलली तर व्यवहार वाटतो. कागदात तशाच तारखा घाला.

रोखठोक
मी ठेवणारच नाही. सोळा वर्षांची मुलगी, क्लास सुटायला उशीर, तुम्ही रात्रभर दाराकडे बघत बसणार. चार हजारात एवढी जोखीम?

औसारोड (धागाकर्ती)
रोखठोक, काळजी आहेच, पण ती हॉस्टेलवर राहिली तर तिच्या आईला असणार. कुणाला तरी असणारच.

बाकी सगळ्यांचे आभार. गावाकडचे भाऊ, तुमचं मिस्टरांना वाचून दाखवलं. त्यांचं "पैसेच नको" तिथल्या तिथे संपलं, कारण भावकीतला सोयाबीनचा व्यवहार त्यांना माहीत आहे. असं ठरवतोय: खोलीचे ३,५००, म्हणजे अकरा महिन्यांचे ३८,५००, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीअखेर असे दोन हप्ते. जेवणाचे दिवसाला ९०, सकाळचा डबा धरून, महिन्याच्या महिन्याला. रविवारी घरी सगळे असतो, त्या दिवशीचे घेणार नाही. ही माझी हौस, कागदात नाही. अनामत नको. कराराचा खर्च आमचा. उद्या वडिलांना फोन करून आकडा मीच सांगणार आहे, मिस्टरांच्या हातात फोन दिला की परत पाचशे कमी होतील.

तारमास्तर, सबमीटर वरच्या खोलीतल्या बोर्डाजवळ बसवायचा की खाली मेन स्विचपाशी? वायरमन वरच म्हणतोय, वायर कमी लागेल म्हणून.

तारमास्तर
खालीच बसवा. दर महिन्याला आकडा बघायला तिच्या खोलीत जावं लागू नये. आणि जिन्यातला दिवा तिच्या मीटरवर येणार नाही एवढं वायरमनकडून बघून घ्या, ते लोक हमखास जोडून ठेवतात.