चोरून वाचलेल्या प्रेमकादंबऱ्या: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
काल रात्री पाणी प्यायला उठले तर लेकीच्या पांघरुणाखाली उजेड. मोबाईल असेल म्हणून पांघरूण उचललं, तर टॉर्च आणि पुस्तक. इंग्रजी, शाळेतल्या मुलामुलीची प्रेमकथा. लेक नववीत आहे. दचकून तिनं पुस्तक उशीखाली सारलं आणि माझ्या पोटात कालवलं. १९९१ साली पंडित कॉलनीतल्या भाड्याच्या घरात मी अगदी तश्शीच सारायचे.

गल्लीच्या टोकाला लायब्ररी होती. डिपॉझिट आणि रोजचे आठ आणे. तिथले काका शाळकरी मुलींना प्रेमकादंबरी द्यायचे नाहीत, म्हणून मी "आईला हवीय" सांगायचे. घरी कादंबरीला अपेक्षित प्रश्नसंचाचं कव्हर. एक दिवस आईला सापडली आणि थेट बंबात गेली. शेवटची चाळीसेक पानं राहिली होती. दंड भाऊबीजेच्या पैशांतून भरला. नावसुद्धा विसरले आता, पण त्या दोघांचं पुढे काय झालं ही रुखरुख अजून आहे.

त्या पुस्तकांना टाकाऊ म्हटलेलं मला आजही सहन होत नाही. आपल्याला कुणाबद्दल काहीतरी वाटतंय, हे घरात बोलायची सोय नव्हती. त्याला शब्द मला तिथे मिळाले. खटकायचं ते एकच: ती नाही म्हणते, तो पिच्छा सोडत नाही, आणि शेवटी तिनंच विरघळायचं. लेक झोपल्यावर तिच्या पुस्तकाची दोन प्रकरणं वाचली. त्यातला मुलगा विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. फार बरं वाटलं वाचून.

तुम्हीही लिहा ना.

पासहोल्डर
पंचवटी एक्सप्रेस, नाशिकरोड ते मुंबई, चौदा वर्षं. आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये मिल्स अँड बून फिरायची. जाताना निम्मी, येताना कसाऱ्याला बँकर, म्हणजे घाट चढायचं जादा इंजिन, लागेपर्यंत उरलेली. वाटाणे सोलता सोलता एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेवट गोड होणार हे माहीत असायचं, म्हणून तर वाचायचो. घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते कुठे माहीत असायचं!

सिडकोवाली
@पासहोल्डर अगदी अगदी. कोणता डबा तुमचा? माझी मोठी जाऊपण होती पंचवटीला.

पासहोल्डर
पासवाल्यांचाच गं. हळदीकुंकू, डोहाळजेवणं सगळं व्हायचं. जाऊबाईंना विचार, दाणेकूट लाडू आणणारी आठवते का.

खडूफळा
मधल्या सुट्टीत टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आठवी ते दहावीला मराठी शिकवते. माझं दुखणं वेगळंच आहे. फास्टर फेणे संपला की पोरांच्या हातात द्यायला पुढचं काय? आपण थेट ययाति देतो. तेरा ते अठरासाठी इंग्रजीत अख्खं कपाट आहे, आपल्याकडे एक फळी भरताना दमछाक होते. मग मुलं इंग्रजीकडे गेली की आपणच गळे काढायचे.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ची. नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी, भोवती आणीबाणी. मी वर्गात थोडी थोडी वाचून दाखवते. मागच्या बाकावरचा, कधी पुस्तक न उघडणारा मुलगा तास संपल्यावर येऊन म्हणाला, "मॅडम, ती गाव सोडून जाणार का?" मी सांगितलं नाही. पुस्तकच दिलं त्याला. चार दिवसांनी परत केलं, बोलला काही नाही, डोळे मात्र सुजलेले. एवढ्या वर्षांत एवढं समाधान मला कशानं मिळालं नाही. पण ती लिहिली मोठ्यांसाठी, आणि वाचतातही मोठेच, आपलं बालपण आठवत. आज नववीत असलेल्यांसाठी, त्यांच्या मोबाईलसकट, मराठीत कोण लिहिणार? घंटा झाली, येते.

रविवार_कारंजा
+१ खडूफळा. आणि मुलगेही वाचतात हो. होस्टेलवर 'दुनियादारी' रात्रीत संपवून सकाळी तोंड धुवायच्या निमित्तानं नळाखाली डोकं धरलं होतं मी. रूममेटनं विचारलं नाही. त्यानं आदल्याच आठवड्यात वाचली होती.

आजोबा७२
आमच्या वडिलांच्या पिढीत ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या लपवाव्या लागत. वडील त्या सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आणत आणि आई दुपारी वाचे. दोघांनी एकमेकांना कधी कळू दिलं नाही. आई गेल्यावर वडिलांनी मला सांगितलं की पानात खुणेला ठेवलेलं तिकीट पुढे सरकलेलं दिसायचं, म्हणून ते पुस्तक दोन दिवस उशिरा परत करीत. सावाना १८४०चं. अशा किती जोड्यांनी तिथून पुस्तकं नेली असतील.

गोदाकाठची
आजोबा, रडवलंत. नमस्कार.

सिडकोवाली
आजोबा 🙏

अवांतर: सावानाचं सभासदत्व मुलांसाठी वेगळं असतं का? धाकट्याला नाव घालायचंय.

खडूफळा
बालविभाग आहे. टिळकपथावर जाऊनच ये, पोराला घेऊन जा. त्याला स्वतःला निवडू दे.

ओझरकर
उशिरा आले, द्राक्षाच्या थिनिंगला बायका आल्यात, डबे करत होते. @गोदाकाठची, तुझ्या त्या पुस्तकातली नायिका नर्स होती का गं? मुखपृष्ठावर निळी साडी, मागे पूल?

गोदाकाठची
हो!! नर्सच. पूलही होता. त्याची आई तिच्याच वॉर्डात असते.

ओझरकर
मग तेच. माझ्या आत्याचं आहे, माळ्यावरच्या पेटीत. कसर लागली नसेल तर पानं असतील सगळी. रविवारी शिडी लावते.

गोदाकाठची
शेवट इथे लिहू नकोस हं. मी ओझरला येते.