दहावीत ७२ टक्के, गणितात ५८ : सायन्स, डिप्लोमा की आयटीआय?

कराडचे_बाबा

मुलाचा दहावीचा निकाल लागला. राज्य मंडळ, मराठी माध्यम, ७२.४० टक्के. मराठी ८४, हिंदी ७६, सामाजिक शास्त्रे ७५, विज्ञान ६४, इंग्रजी ६३, गणित ५८. "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी" यापलीकडे तो बोलत नाही. बंद पडलेला मिक्सर किंवा पंखा मात्र उघडून चालू करून देतो.

नातेवाइकांचं एकच पालुपद : सायन्स घ्या, सगळे दरवाजे उघडे राहतात. एक क्लासवाला दोन वर्षांचं पॅकेज सांगून गेलाय, कॉलेजला जायची गरज नाही म्हणतो. मेहुण्याचं म्हणणं, थेट परराज्यात पाठवा, क्लासही तिथे आणि बारावीही तिथेच. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) अजून काढलेली नाही. सायन्स, डिप्लोमा की आयटीआय? आणि फॉर्म भरताना नेमकं काय चुकतं?

फिजिक्सचा_फळा

दादा, आधी ती ७२.४० ची बेरीज उलगडून बघा. राज्य मंडळ सहापैकी पाच उत्तम विषय धरतं. तुमच्याकडे सर्वांत कमी गणित आहे, म्हणजे टक्केवारीत गणित धरलेलंच नाही. ८४, ७६, ७५, ६४ आणि ६३ मिळून ३६२, भागिले ५००. अकरावी सायन्सला जे पुढे चालणार ते गणित, विज्ञान, इंग्रजी. त्यांची बेरीज १८५, म्हणजे साधारण ६२ टक्के. निर्णय या आकड्यावर घ्या.

अजून एक. गणिताच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि शाळा ते देताना हात आखडत नाहीत. शाळेकडून हा आकडा विचारून घ्या. तो १८ असेल तर लेखी ८० पैकी ४० झाले, म्हणजे निम्मा पेपर आला नाही. त्यातही भाग १ (बीजगणित) गेला की भाग २ (भूमिती), हे मुलाला विचारा. भूमितीच्या सिद्धतेत गुण गेले असतील तर फार बिघडलं नाही. वर्गसमीकरण आणि दोन चलांतली समीकरणं अडली असतील तर अकरावीच्या पहिल्या महिन्यातच दम लागतो. फिजिक्समध्ये व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्ह सुरुवातीलाच येतात, तेव्हा गणिताच्या वर्गात ते शिकवूनही झालेले नसतात.

"सगळे दरवाजे उघडे" हे अर्धसत्य आहे. दरवाजे असतात, पण प्रत्येकावर चौकीदार बसलेला असतो. इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा : २०० गुण, तीन तास. फिजिक्स ५० प्रश्न, केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, त्याला वेगळी ९० मिनिटं. म्हणजे निम्मी सीईटी गणिताची. चुकीला गुण कापत नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या ८० टक्के भार असतो. बारावीत या विषयांना मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४०.

बरेच पालक गणित सोडून बायोलॉजी ठेवतात, "मेडिकल नाही तर बीएस्सी". मेडिकल म्हणजे नीट : १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला ४, चुकीला वजा १. ६४ विज्ञानावर ही पैज लावू नये, हे माझं स्पष्ट मत. उलट गणित ठेवून बायफोकलला (अकरावी-बारावीच्या व्यवसायाभिमुख विषयाला) कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर तो २०० गुणांचा विषय दुसरी भाषा आणि बायोलॉजी दोन्हींची जागा घेतो. प्रॅक्टिकलचे गुण चांगले पडतात, पण बायोलॉजी नसल्यानं नीटचा सरळ रस्ता तिथे राहत नाही. हे प्रवेशाच्या खिडकीवर कोणी सांगत नाही.

तंत्रनिकेतनवाला

सरांच्या आकडेमोडीशी सहमत, पण एक गैरसमज आधीच खोडतो. "गणित कच्चं म्हणून डिप्लोमा" हे उलटं कारण झालं. पहिल्या वर्षाला दोन्ही सत्रांत गणित आहे, सोबत फिजिक्स-केमिस्ट्री. नापास मुलांची गर्दी तिथेच असते. विषय तुंबत गेले की पुढच्या वर्षात बसता येत नाही, त्यालाच ईयर डाउन म्हणतात. मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले तीन महिने शब्दांचाच अडसर असतो. व्याख्या पाठ असते, पण प्रश्नातलं derive आणि define मधलं अंतर कळत नाही. सुट्टीत रोज दहा तांत्रिक शब्द आणि एक पान इंग्रजी उतारा, एवढं केलं तरी पुरे.

आता बाजू मांडतो. वर्षं मोजा : अकरावी-बारावी २ अधिक डिग्री ४, एकूण ६. डिप्लोमा ३ अधिक थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन डिग्री ३, तेही ६. वर्ष वाया जात नाही, आणि तिसऱ्या वर्षानंतर हातात पदविका असते. सार्वजनिक बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंता पदाला सिव्हिल पदविका लागते, रेल्वेतही कनिष्ठ अभियंत्याच्या जागा डिप्लोमावाल्यांना असतात. बारावी सायन्सनंतर सीईटी बिनसली तर हातात काय उरतं, ते तुम्हीच बघा.

डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही, पदविकेच्या गुणांवर यादी लागते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. जागा मंजूर क्षमतेच्या १० टक्के जादा, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. म्हणून नावाजलेल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला चुरस फार. आणि तिथे पोहोचलेली मुलं पुन्हा गणितातच अडखळतात, कारण पहिल्या वर्षाचं डिग्रीचं गणित त्यांनी केलेलं नसतं आणि समोर एकदम एम-थ्री (तिसऱ्या सत्राचं गणित) येतं. पदविकेच्या शेवटच्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन करून ठेवावं.

दहावीनंतरच्या पदविकेला पात्रता फक्त ३५ टक्के, पण ती कागदावर. शाखा निवडताना गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी उघडा, आपल्या प्रवर्गाची ओळ बघा. शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर नाही बसलं, तर भरमसाट फीच्या खाजगी कॉम्प्युटरपेक्षा शासकीय इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स बघा. मिक्सर उघडणाऱ्या मुलाला तर नक्कीच.

शिल्प_निदेशक

मिक्सर उघडणारा मुलगा म्हटल्यावर आयटीआयची दोन ओळींत वासलात लावू नका. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), कातारी (टर्नर) हे दोन वर्षांचे व्यवसाय. संधाता (वेल्डर) एका वर्षाचा. कॉम्प्युटर हवाच असेल तर कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट), तोही एका वर्षाचा. पण स्पष्ट सांगतो, कोपा म्हणजे संगणक चालवणं, सॉफ्टवेअर बनवणं नव्हे. "आयटीआयला कॉम्प्युटर मिळालं" म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांत हाच घोटाळा होतो.

वीजतंत्री झालेल्या मुलाला तीन वाटा असतात. एक, कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, १९६१ च्या कायद्याखाली, विद्यावेतनासह. ती नोंदणी करूनच करावी, नाहीतर प्रमाणपत्र मिळत नाही. दोन, महावितरणसारख्या ठिकाणी विद्युत सहाय्यकाची भरती, जिथे वीजतंत्री किंवा तारतंत्रीच लागतो. तीन, दोन वर्षांच्या आयटीआयनंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात. ही तिसरी वाट पालकांना माहीतच नसते. आयटीआय २, डिप्लोमा २, डिग्री ३ असे सात होतात, म्हणजे फक्त एक वर्ष जास्त.

खाजगी आयटीआय निवडताना एकच तपासा : त्या व्यवसायाच्या त्या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, म्हणजे डीजीटीची संलग्नता आहे का (पूर्वी ही एनसीव्हीटीची असे). संस्थेच्या नावाला असून चालत नाही. नाहीतर अखिल भारतीय परीक्षा देता येत नाही आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येत नाही. आणि एकदा कार्यशाळेत डोकावून या. वीस मुलांमागे मल्टिमीटर किती, हे मोजायला पाच मिनिटं पुरतात.

दाखल्यांची_फाइल

वाट कुठलीही धरा, घोळ कागदांतच होतो.

२०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात आहे. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या काही महापालिका क्षेत्रांपुरता होता, म्हणून कराडकडच्या पालकांना तो नवा वाटतो. फॉर्मचा पहिला भाग माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा, दहापर्यंत कॉलेजं. इथला मोठा फटका : पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाकारलं की पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे "सहज टाकून बघू" म्हणून लांबचं, होस्टेल न परवडणारं नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. दुसऱ्या किंवा खालच्या क्रमांकाचं लागलं तर थांबता येतं. संस्थांतर्गत, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटा वेगळा भरायचा असतो.

डिप्लोमाचा फॉर्म तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, आयटीआयचा व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडे. तीनही भरा, एकमेकांना आड येत नाहीत. आड येतो तो शाळा सोडल्याचा मूळ दाखला. ज्या कॉलेजात आधी प्रवेश, तिथे तो जमा. नंतर पॉलिटेक्निक लागलं की परत मिळवायला खेटे. जमा करण्याआधी रंगीत स्कॅन आणि पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा. त्याच दाखल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मस्थळ आणि जातीची नोंद शाळा सोडण्याआधीच तपासा. सोडल्यावर दुरुस्तीला महिने लागतात.

व्हॅलिडिटीबाबत : बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशाला आणि थेट दुसऱ्या वर्षाला ती लागते. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करा, डिप्लोमा घेतला तर डिग्रीच्या प्रवेशाआधी पुरेसा वेळ ठेवून. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. बहुधा आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा नोंदणी उतारा सापडतो, जुन्या जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरमध्ये. आडनाव तेव्हा वेगळं लिहिलेलं असेल तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. नॉन-क्रीमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मात्र दर प्रवेशाच्या वेळी तारीख बघून : ते त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जूनमध्ये हातात घेतलेला दाखला गेल्याच मार्चमध्ये संपलेला निघतो, आणि मूल खुल्या प्रवर्गात मोजलं जातं.

मेहुण्यांना सांगा : राज्याच्या ८५ टक्के मेडिकल कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय अधिवास. बारावीची परीक्षा परराज्यातून दिली की राज्य कोटा गेला. क्लास तिथे लावला तरी परीक्षेची नोंद कुठल्या शाळेतून आहे, ते बघायचं. आणि "कॉलेजला जायची गरज नाही" म्हणणाऱ्याला ७५ टक्के हजेरीचं लेखी काय, तेवढं विचारा. उत्तर गोल आलं की समजून जा.

सांगलीची_मावशी

मध्येच विचारते, माफ करा. मुलीला ८१ टक्के, कॉमर्स घेतेय. गणित ठेवू की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)? सगळे एसपी म्हणतायत, स्कोअरिंग असतं म्हणे.

फिजिक्सचा_फळा

ताई, फक्त बी.कॉम. करायचं असेल तर एसपी चालेल. सीएचा विचार असेल तर फाउंडेशनचे (त्याच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेचे) चार पेपर प्रत्येकी १०० गुणांचे, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. त्यात क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड हा पेपर गणित, लॉजिकल रीझनिंग आणि संख्याशास्त्राचा. पेपर ३ आणि ४ मध्ये चुकीला पाव गुण कापतात. गणित नसलं तरी बसता येतं, पण ते सगळं बाहेर शिकावं लागतं. बीबीए किंवा बीसीए बघत असाल तर २०२४-२५ पासून त्यांनाही राज्याची सीईटी आहे, हे बारावीच्या जानेवारीत कळून उपयोग नाही. काही कॉलेजांनी नावं बदलून तेच अभ्यासक्रम सीईटीविना ठेवलेत, प्रवेशाआधी पदवीचं नेमकं नाव वाचा. आणि डिझाइन, लॉ, हॉटेल मॅनेजमेंट यांना शाखेची अट नाही, त्यांच्या प्रवेश परीक्षा कॉमर्सवालीलाही देता येतात.

दाखल्यांची_फाइल

मावशी, उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही.

कराडचे_बाबा

शाळेत विचारलं. अंतर्गत १९, म्हणजे लेखी ३९. मुलगा म्हणतो बीजगणित चाळीसपैकी बरं गेलं, भूमितीत सिद्धता सोडल्या. डिप्लोमा पहिला, आयटीआय वीजतंत्री दुसरा आणि अकरावी राखीव, असा विचार चाललाय. अकरावीला पहिली पसंती कोणती टाकू?

तंत्रनिकेतनवाला

बीजगणित बरं असेल तर डिप्लोमा झेपेल. आणि अकरावी हुकली, मध्येच सोडली, तरी पदविकेचं पहिलं वर्ष दहावीच्या गुणांवरच मिळतं, पुढच्या वर्षीही. तेव्हा घाबरून क्लासच्या पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका.

दाखल्यांची_फाइल

अकरावीला पहिली पसंती अशीच टाका की लागली तर खरंच जाल : घरून एसटीच्या पासवर जमणारं कॉलेज. पॉलिटेक्निकच्या याद्या नंतर लागल्या तर अकरावीचा प्रवेश रद्द करायचा अर्ज त्याच दिवशी द्या, दाखला परत घेतल्याची पोच मागा. आणि नॉन-क्रीमीलेअरवरची तारीख आज रात्रीच बघा.