अनुभव धागा: ‘तुझे राज्य येवो’ म्हणून उठल्यावर

धागाकर्ती

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘तुझे राज्य येवो’ हे तीन शब्द तोंडातून कधी निघून जातात ते कळतही नाही. डोक्यात पुढचं काम असतं. परवा रात्री मुलाने मध्येच अडवलं. “आई, या राजाला मतं कोण देतं?” म्हटलं, कोणी देत नाही, तो असतोच. “मग त्याला पाडता येत नाही?” मी दिवा मालवला आणि झोप म्हटलं.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. स्वर्गात आपला राजा आहे असं आपण मानतो. त्याने सोमवारी सकाळी नेमका काय फरक पडतो? प्रवचन नको, ते रविवारी मिळतं. स्वतःचं लिहा. फरक पडत नसेल तर तेही लिहा.

हिशेबनीस

पडला, पण उशिरा. वरिष्ठांनी एका पावतीवर मागची तारीख घालायला सांगितली होती. पहिल्या वेळी घातली. सगळेच घालतात. शिक्का मारला तो जरा तिरका उमटला, आणि तो तिरका शिक्का अजून डोळ्यांपुढे येतो.

दुसऱ्यांदा तसाच कागद आला तेव्हा मी काही मोठं धैर्य दाखवलं नाही. पेन धरून नुसता बसून राहिलो. मग म्हटलं, “सर, मी आजचीच तारीख टाकतो. चालत नसेल तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.” घेतली करून. माझं टेबल बदललं, बढती राहिली ती राहिलीच. लोक चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केलं ते सांगताना, सांगतात तसा गोड शेवट माझ्याकडे नाही. आधी मला राजा म्हणजे ज्याच्याकडे मागायचं तो, एवढंच वाटायचं. त्या दिवशी कळलं की त्याच्यापाशी बाकीच्यांचे हुकूम संपतात.

रात्रपाळीची नर्स

माझा अध्याय बायबलमधला, मत्तय 25. राजा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तो. भुकेल्याला खायला घातलं, आजाऱ्याची विचारपूस केली, ते मलाच केलं असं तो म्हणतो. नवीन होते तेव्हा प्रत्येक खाटेवर येशू पाहायचा असं ठरवून कामाला जायचे. दोन आठवडे टिकलं. खरं सांगायचं तर पेशंट पेशंटच दिसतात, आणि काही फार कटकटे असतात.

एक आजोबा होते. पायाची नखं शिंगासारखी जाड, वळून कातडीत रुतलेली. कोमट पाण्यात पाय बुडवून वीस मिनिटं ठेवले, तरी कात्री सरकेना. एकेक कोपरा थोडा थोडा कातरत गेले. ते पूर्णवेळ मला शिव्या घालत होते. तिसऱ्या बोटाला आले तेव्हा गप्प झाले, आणि पाचव्याला झोपले. रजिस्टर भरताना लक्षात आलं, या सगळ्यात मला येशू एकदाही आठवला नव्हता. वाईट वाटलं.

मग तो अध्याय पुन्हा वाचला. उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही एकच विचारतात: आम्ही तुला कधी पाहिलं? ज्यांनी केलं त्यांनाही पत्ता नव्हता! आता मी खाटेवर कोणाला शोधत बसत नाही. नखं कापते.

वाचनवेडा

थोडी माहिती घालतो, चालेल ना? ख्रिस्तराजाचा सण फार जुना नाही. पोप पायस अकरावे यांनी तो 1925 मध्ये सुरू केला. पहिलं महायुद्ध संपून गेलेलं, कितीतरी सम्राटांची सिंहासनं कोसळलेली, आणि त्यांच्या जागी राष्ट्र नाहीतर नेता यांचीच पूजा सुरू झालेली. तेव्हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. आता उपासना-वर्षाच्या, म्हणजे चर्चच्या सणावारांच्या वर्षाच्या, अगदी शेवटच्या रविवारी येतो.

त्या दिवशी वाचायची शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्रातले उतारे, तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. एका वर्षी वर नर्सताईंनी सांगितलेला तो अध्याय, दुसऱ्या वर्षी रोमी सुभेदार पिलातासमोर येशूची चौकशी, तिसऱ्या वर्षी वधस्तंभ आणि शेजारचा गुन्हेगार. म्हणजे तीनपैकी दोनदा राजा आरोपी आहे, आणि जिथे सिंहासनावर आहे तिथे विचारतो काय, तर जेवायला घातलंत का. सोन्याच्या मुकुटाची चित्रं बघताना हे मला नेहमी आठवतं.

आणखी एक. मत्तय ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणतो तिथे मार्क आणि लूक हे दुसरे शुभवर्तमानकार ‘देवाचे राज्य’ म्हणतात. देवाचं नाव उगाच घेऊ नये या यहूदी रीतीने मत्तय ‘स्वर्ग’ म्हणत असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘स्वर्गाचे’ म्हटलं की लगेच ढगांकडे बघायचं कारण नाही. मूळ ग्रीक शब्दातही प्रदेशापेक्षा राज्य करण्यावर भर आहे.

नाव नको

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक पुढारी होते. राजाचा राजदूत म्हणवून घ्यायचे. त्यांच्या शब्दापुढे कोणी बोललं की तो राजाचा द्रोह. मी तीन वर्षं त्यांच्या गाडीचं दार उघडत होतो, तेही भक्ती समजून. ‘परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे’ अशा अर्थाचं येशू शिष्यांना सांगतो, ते वाक्य त्या तीन वर्षांत एकदाही प्रवचनाला आलं नाही. बाहेर पडल्यावर वर्षभर ‘राजा’ शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा. आता येत नाही. पण अजून मी मागच्या बाकावर बसतो, दाराजवळ.

मधली बहीण

घराच्या वाटणीवरून भावाशी अबोला होता. येशूने सांगितलेली क्षमा न करणाऱ्या चाकराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, त्याने सोबत्याचे शंभर दिनार सोडले नाहीत. एका दुपारी हिशेब मांडला. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालांत साधारण सहा हजार दिनार. राजाने सोडलं ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं कर्ज!

पण मी अडकले दुसऱ्या आकड्यावर. शंभर दिनारसुद्धा शंभर दिवसांची मजुरी आहे. भावाने केलं ते काही थोडं नव्हतं, आणि गोष्टही ते थोडं होतं असं म्हणत नाही. एवढं कोणीतरी मान्य केलं म्हणूनच फोन लावता आला असावा. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा आला, हवापाण्याचं बोललो. वाटणीचा विषय अजून निघालेला नाही.

गप्प बसणारा

मी ‘फरक पडत नसेल तर तेही लिहा’ मधला. बायको अकरा महिने आजारी होती. राजा आहे तर हुकूम का सोडत नाही, एवढंच मला विचारायचं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं. ती गेल्यावर प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आलं की माझे ओठ मिटतात. बाकीचे म्हणतात, मी पुढच्या ओळीला परत सामील होतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ ती ओळ मात्र म्हणतो. भाकर लागतेच.

धागाकर्ती

@गप्प बसणारा, तुम्ही लिहिलंत ते तीनदा वाचलं. उत्तर नाही माझ्याकडे, देणारही नाही.

मुलाने काल पुन्हा विचारलं, पाडता येतं की नाही. या वेळी दिवा मालवला नाही. म्हटलं, पाडला होता. काट्यांचा मुकुट घातला, खिळे ठोकले, डोक्यावर ‘यहूद्यांचा राजा’ अशी पाटीही लावली, तीन भाषांत.

“तीन कशाला?”

“सगळ्यांना वाचता यावी म्हणून.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे लावणाऱ्यांनीच सगळ्यांना सांगितलं?”